टॉक्सिक बॅकलिंक म्हणजे काय? वेबसाइटला खरा धोका कधी असतो आणि त्यावर उपाय काय?

"सर, तुमच्या वेबसाइटला शेकडो टॉक्सिक बॅकलिंक लागल्या आहेत. गूगल कधीही पेनल्टी लावू शकतं. आमचं क्लीनअप पॅकेज आजच घ्या." अशा आशयाचा मेल आणि सोबत एक पीडीएफ. त्यात लाल रंगाकडे झुकलेला काटा आणि खाली कधी नावही न ऐकलेल्या साइट्सची लांबलचक यादी. कोकणात होमस्टे चालवणारे असोत, रेसिपीचा ब्लॉग लिहिणारे असोत किंवा तालुक्याचं न्यूज पोर्टल चालवणारे, स्वतःची वेबसाइट असलेल्या बहुतेकांना असा मेल एकदा तरी येऊन गेलेला असतो.

यादी खरी असते. त्या साइट्स खरोखर भंगार असतात. त्यांच्यावर तुमच्या साइटची लिंकही खरोखर असते. खोटं असतं ते पुढचं, म्हणजे या लिंक्समुळे तुमची साइट बुडणार हे. पण सगळ्यांच्याच बाबतीत ते खोटं नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. काही साइट्स बॅकलिंकमुळे खरोखर बुडाल्या आहेत. त्यात अगदी मोठमोठ्या कंपन्याही होत्या. आपण कुठल्या गटात आहोत हे ओळखता आलं, तर पॅकेजचे पैसे वाचतात किंवा मग योग्य जागी खर्च होतात.

लिंकला इतकं महत्त्व आलं कुठून?

दुसऱ्या एखाद्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी एक साधा विचार केला. ज्या शोधनिबंधाचा दाखला इतर निबंधांमध्ये जास्त वेळा दिला जातो, तो महत्त्वाचा मानला जातो. मग वेब पेजचंही तसंच का मोजू नये? त्यांच्या प्रकल्पाचं सुरुवातीचं नावच 'बॅकरब' होतं. पुढे त्याचं गूगल झालं आणि लिंक मोजण्याच्या पद्धतीला पेज यांच्या आडनावावरून 'पेजरँक' म्हणू लागले.

यात फक्त आकडा मोजला जात नाही. लिंक कोण देतंय यालाही वजन असतं. गावात नवीन डॉक्टर आले आणि जुन्या, नावाजलेल्या डॉक्टरांनी "त्यांच्याकडे जा" म्हटलं तर त्याची किंमत वेगळी. बसस्टँडवर पत्रकं वाटणाऱ्या पोराने म्हटलं तर वेगळी. शिवाय लिंक कुठल्या शब्दांवर लावली आहे, म्हणजे ज्याला अँकर टेक्स्ट म्हणतात, तेही गूगल वाचतं. त्याची ताकद २००३मध्ये जगाला दिसली. अनेक ब्लॉगर्सनी ठरवून 'दयनीय अपयश' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाऊसवरच्या परिचयाची लिंक लावली. ते शब्द शोधले की पहिला रिझल्ट बुश यांचाच यायचा. त्या पानावर ते शब्द कुठेही नव्हते. असल्या 'गूगल बॉम्ब'वर गूगलने जानेवारी २००७मध्ये अल्गोरिदम बदलून उपाय केला.

तो झाला गमतीचा भाग. पण लिंकमुळे नंबर लागतो म्हटल्यावर लिंक विकणारे येणारच होते.

जेसीपेनीचं काय झालं होतं?

२०१०च्या शेवटी, ऐन सणासुदीच्या खरेदीच्या मोसमात अमेरिकेत गूगलवर 'ड्रेसेस' शोधा, पहिला नंबर जेसीपेनीचा. चादरी-उशा शोधा, जेसीपेनी. स्किनी जीन्स शोधा, जेसीपेनी. गंमत म्हणजे 'सॅम्सोनाइट कॅरी ऑन लगेज' असं थेट कंपनीचं नाव टाकून बॅग शोधली, तरी सॅम्सोनाइटच्या स्वतःच्या साइटच्या वर जेसीपेनी दिसायची. ही अमेरिकेतली जुनी डिपार्टमेंट स्टोअर्सची साखळी. दुकान मोठं होतं हे खरं, पण इतक्या सगळ्या शब्दांवर इतके महिने सलग पहिला नंबर हे जरा अतीच होतं.

न्यूयॉर्क टाइम्सने एका तज्ज्ञाला हे तपासायला सांगितलं. त्याला २,०१५ पानं सापडली, ज्यांवर 'इव्हिनिंग ड्रेसेस', 'लिटल ब्लॅक ड्रेस' असे शब्द होते आणि ते थेट जेसीपेनीच्या साइटला जोडलेले होते. ही पानं कुठल्या साइट्सवर होती? अणुअभियांत्रिकी, कॅसिनो, बल्गेरियातली घरं-जमिनी. कपड्यांशी यांचा काडीचा संबंध नव्हता. बऱ्याच साइट्स ओस पडलेल्या होत्या, तिथे लिंकशिवाय दुसरं फारसं काही नव्हतंच.

टाइम्सने हे सगळं गूगलपुढे ठेवलं आणि ९ फेब्रुवारी २०११च्या संध्याकाळी गूगलने हाताने कारवाई केली. संध्याकाळी ७ वाजता सॅम्सोनाइट बॅगेच्या शोधात जेसीपेनी पहिली होती. दोन तासांनी ती ७१व्या नंबरवर होती. दिवाणखान्याच्या फर्निचरच्या शोधात १वरून ६८वर. टाइम्सने लक्ष ठेवलेल्या ५९ शब्दांमधला कंपनीचा सरासरी क्रमांक १ फेब्रुवारीला १.३ होता, १० फेब्रुवारीला तो ५२ झाला. गूगलच्या दुसऱ्या पानावरही फारसं कुणी जात नाही. ५२वा नंबर म्हणजे थेट सहावं पान.

कंपनीचं म्हणणं होतं की या लिंक्सशी आपला संबंध नाही, आपल्याला याची कल्पनाही नव्हती. तिने आपल्या सर्च सल्लागार फर्मला काढून टाकलं आणि लिंक्स हटवायला सुरुवात केली. खरं-खोटं काहीही असो, या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. काम एजन्सीने केलं असलं तरी शिक्षा साइटला होते. आजही "महिन्याला ५० हाय क्वालिटी बॅकलिंक" असं पॅकेज घेणाऱ्या कुणीही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्या ५० लिंक नेमक्या कुठून आणल्या हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर गुळमुळीत येतं.

पेंग्विन आला आणि सगळे घाबरले

जेसीपेनीला माणसांनी पकडलं होतं. २४ एप्रिल २०१२ला गूगलने हेच काम मशीनला दिलं. 'पेंग्विन' नावाच्या या अपडेटचा परिणाम इंग्रजीतल्या सुमारे ३.१ टक्के शोधांवर झाला. आकडा छोटा वाटतो, पण लिंक विकत घेऊन वर आलेल्या साइट्स एका रात्रीत गायब झाल्या. पहिल्या काही वर्षांतला पेंग्विन कडक होता. त्यात सापडलेली साइट स्वच्छ केली, तरी पुढचं अपडेट येईपर्यंत ताटकळत बसावं लागायचं, आणि ती वाट कधी कधी महिनोन्महिने असायची.

'टॉक्सिक बॅकलिंक'ची भीती मुख्यतः याच काळात पसरली. लोक साइट मालकांना मेल करून "कृपया आमची लिंक काढा" म्हणून विनवू लागले. काही डिरेक्टरी साइट्सनी तर लिंक काढायचेही पैसे मागायला सुरुवात केली. आधी लावायचे पैसे, मग काढायचे. मायक्रोसॉफ्टच्या बिंगने जून २०१२मध्ये आणि गूगलने १६ ऑक्टोबर २०१२ला 'डिसअव्हाव' नावाची सोय दिली. तिचा अर्थ एवढाच: ही लिंक माझी म्हणून धरू नका.

त्यानंतरच्या दोन प्रकरणांनी भीती आणखी वाढवली. फेब्रुवारी २०१३मध्ये, व्हॅलेंटाइन डेनंतर लगेचच, ब्रिटनमधली फुलं पोहोचवणारी इंटरफ्लोरा गूगलवरून गायब झाली. स्वतःच्या नावाने शोधलं तरी सापडेना. स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइट्सवर बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिराती देऊन तिने लिंक मिळवल्या होत्या. ११ दिवसांनी ती परत आली, ब्रिटनमधल्या मदर्स डेच्या थोडं आधी. फुलांच्या धंद्यात याला किती महत्त्व असेल ते सांगायला नको.

दुसरं प्रकरण रॅप जीनियसचं. गाण्यांचे शब्द आणि त्यांचे अर्थ देणारी ही साइट. ब्लॉगरनी आपल्या लेखाखाली जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या लिंक्स लावायच्या आणि बदल्यात रॅप जीनियसने त्यांचे लेख ट्विट करायचे, असा हा सौदा होता. तो मेल एका ब्लॉगरने जाहीर केला आणि २०१३च्या ख्रिसमसला साइट खाली फेकली गेली. आपल्याला कोण-कोण लिंक करतंय हे पाहायला त्यांना स्वतःचा प्रोग्राम लिहून पावणेदोन लाखांहून जास्त पानं तपासावी लागली. ४ जानेवारी २०१४ला ती परत आली. पैसे दिले नव्हते, फक्त ट्विटची अदलाबदल होती, तरीही. "तू माझी रील शेअर कर, मी तुझी करतो" हे सोशल मीडियावर रोज चालतं. वेबसाइटच्या लिंकमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर केलं की नियमभंग होतो.

२०१६नंतर गणित बदललं

हा भाग घाबरवणारे मेल पाठवणारे कधीच सांगत नाहीत. २३ सप्टेंबर २०१६ला पेंग्विन गूगलच्या मुख्य अल्गोरिदमचाच भाग झाला. आता तो खराब लिंक दिसली की साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकची किंमत शून्य करू लागला. पुढे डिसेंबर २०२२मध्ये गूगलने 'स्पॅमब्रेन' ही स्पॅम ओळखणारी एआय प्रणाली लिंक्ससाठीही वापरली. तिचंही काम तेच, खोट्या लिंक निष्प्रभ करायच्या.

म्हणजे भंगार साइट्स तुमच्याकडे लिंक करतायत? गूगल त्याकडे दुर्लक्ष करतं. कुठलीही साइट दोन-तीन वर्षं चालली की तिच्याकडे आपोआप कचरा लिंक जमतात. फोटो चोरणाऱ्या साइट्स, डोमेनच्या याद्या करणाऱ्या साइट्स, तुमचा लेख जसाच्या तसा उचलून छापणारे बॉट. घराबाहेर रस्त्यावरची धूळ जमावी तसं हे असतं. गूगलचे जॉन म्युलर यांनी तर वेळोवेळी सांगितलंय की 'टॉक्सिक लिंक' ही कल्पना एसइओ टूल विकणाऱ्यांची आहे. गूगल तशी कुठली मोजणी करत नाही.

मग टूलमध्ये दिसणारा तो लाल काटा? सेमरशचा टॉक्सिसिटी स्कोअर किंवा मॉझचा स्पॅम स्कोअर हे त्या-त्या कंपनीने आपल्या निकषांवर काढलेले अंदाज आहेत. यादी चाळायला ते उपयोगी पडतात. पण गूगलला त्यांची माहिती नसते आणि गूगल ते वापरत नाही. टूलच्या सांगण्यावरून शेकडो डोमेन एका झटक्यात डिसअव्हाव केले, तर त्यात एखादं खरं स्थानिक वर्तमानपत्र, एखाद्या कॉलेजचं जुनाट दिसणारं पान, मराठी मंडळाची साधी साइट अशा चांगल्या लिंकही जातात. जुनाट दिसणं म्हणजे स्पॅम नव्हे, पण टूलला तो फरक कळेलच असं नाही. बिंगने तर २०२३मध्ये आपली डिसअव्हावची सोय बंदच करून टाकली.

मग खरा धोका कुणाला?

थोडक्यात, ज्यांनी स्वतः लिंक विकत घेतल्या, बनवल्या किंवा बनवून घेतल्या त्यांना. गूगलची हाताने होणारी कारवाई, म्हणजे मॅन्युअल ॲक्शन, आजही होते. ती अपघाताने आलेल्या कचऱ्यासाठी नाही, तर ठरवून केलेल्या खेळासाठी असते.

आपल्याकडे हा खेळ कसा चालतो? सगळ्यांत जास्त दिसतं ते पैसे देऊन छापलेलं गेस्ट पोस्ट. एखाद्या न्यूज पोर्टलवर 'टॉप १० कंपन्या' छापाचा लेख, त्यात तीन कीवर्डवर तीन लिंक आणि 'जाहिरात' असा उल्लेख कुठेही नाही. मग येतं खासगी ब्लॉग नेटवर्क. एकाच माणसाच्या दहा-वीस साइट्स, सगळ्या एकमेकींना आणि गिऱ्हाइकांना लिंक करणाऱ्या. यासाठी बऱ्याचदा बंद पडलेल्या संस्थांचे डोमेन विकत घेतले जातात. मार्च २०२४मध्ये गूगलने मुदत संपलेले डोमेन असे वापरणं स्पॅम धोरणात स्पष्ट शब्दांत घातलं. फोरमवरच्या प्रोफाइल, कॉमेंटमधल्या लिंक, शेकडो डिरेक्टरी सबमिशन हे जुने प्रकार अजूनही 'पॅकेज'मध्ये विकले जातात. त्यांचा फायदा आता जवळपास शून्य आहे, म्हणजे पैसे तर गेलेच.

आणखी एक प्रकार फारसा लक्षात येत नाही. वेबसाइट बनवून देणारे लोक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या साइटच्या तळाशी स्वतःची लिंक लावतात. 'डिझाइन्ड बाय अमुक' एवढंच असेल तर ठीक. तिथे 'बेस्ट वेब डिझाइन कंपनी इन पुणे' अशी कीवर्डची लिंक शेकडो साइट्सच्या प्रत्येक पानावर असेल, तर तो नमुना गूगलला सहज दिसतो.

जाहिरात देणं चूक नाही, हेही सांगायला हवं. पैसे देऊन लिंक घ्या, पण ती तशी असल्याचं कोडमध्ये सांगा. २००५मध्ये 'नोफॉलो' ही खूण आली. सप्टेंबर २०१९मध्ये गूगलने जाहिरातींसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी 'यूजीसी' अशा आणखी दोन खुणा दिल्या. खूण असली की लिंक रँकिंगसाठी सहसा मोजत नाहीत आणि नियमभंगही होत नाही.

सोशल मीडियावरच्या लिंक्सबद्दल पुष्कळ लोक विनाकारण घाबरतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स यांवरच्या लिंक्सना साधारणपणे अशीच खूण असते. तुमची पोस्ट कुणी हजार ग्रुपमध्ये टाकली तरी बॅकलिंकची पेनल्टी लागत नाही. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमधल्या लिंक तर गूगलला दिसतच नाहीत.

आधी हे तपासा

सगळं काम गूगल सर्च कन्सोलमध्ये होतं आणि ते फुकट आहे. साइट जोडलेली नसेल तर आज जोडा. डाव्या बाजूच्या यादीत खाली 'सिक्युरिटी अँड मॅन्युअल ॲक्शन्स' असतं. तिथे 'मॅन्युअल ॲक्शन्स' उघडा. 'नो इश्यूज डिटेक्टेड' असं दिसलं, तर कुणीही काहीही म्हणो, गूगलने तुमच्यावर हाताने कारवाई केलेली नाही. पेनल्टी लागली आहे असं सांगणाऱ्या एजन्सीला याच पानाचा स्क्रीनशॉट मागा.

कारवाई नाही, पण ट्रॅफिक पडलंय? मग आधी इतर कारणं पाहा, कारण बहुतेक वेळा लिंकचा संबंधच नसतो. त्या आठवड्यात गूगलचं मोठं अपडेट आलं होतं का? साइटचं डिझाइन बदलताना जुन्या पानांचे पत्ते बदलले का? डेव्हलपरने टेस्टिंगच्या वेळी सर्च इंजिनांना अडवणारी सेटिंग चालूच ठेवली का? हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त घडतो. की विषयच मोसमी आहे? गणपतीच्या डेकोरेशनचा लेख ऑक्टोबरमध्ये पडणारच.

यानंतर 'लिंक्स' विभागात जा. सर्वाधिक लिंक देणाऱ्या साइट्स, सर्वाधिक लिंक मिळालेली तुमची पानं आणि अँकर टेक्स्ट तिथे दिसतात. यादी डाउनलोडही करता येते. अँकर टेक्स्ट आधी वाचा, कारण तिथे नमुना पटकन कळतो. साधारण साइटमध्ये बहुतेक लिंक तुमच्या नावावर, साइटच्या पत्त्यावर किंवा 'इथे वाचा' अशा शब्दांवर असतात. त्याऐवजी 'चीप होमस्टे इन तारकर्ली' हेच वाक्य अर्ध्या यादीत असेल, तर कुणीतरी ते मुद्दाम केलंय. जुन्या एजन्सीला विचारायची वेळ आली.

मग 'सर्वाधिक लिंक मिळालेली पानं' बघा. इथे एक गोष्ट दिसली तर बाकी सगळं सोडून तिच्याकडे वळा. तुम्ही कधीच न बनवलेली पानं तिथे असतील, त्यांच्या पत्त्यात सट्ट्याची, औषधांची नावं किंवा जपानी अक्षरं असतील, तर प्रश्न बॅकलिंकचा नाही. तुमची साइट हॅक झाली आहे. हॅकर तुमच्या साइटवर लपवून पानं बनवतात आणि दुसऱ्या हॅक केलेल्या साइट्सवरून त्यांना लिंक देतात. मालकाला होमपेज नेहमीसारखंच दिसतं. यातून सरकारी साइट्सही सुटलेल्या नाहीत. मे २०२४मध्ये टेकक्रंचने गोव्यासह काही राज्यांच्या सरकारी डोमेनवरच्या सुमारे चार डझन लिंक दाखवल्या होत्या, ज्या थेट ऑनलाइन सट्ट्याच्या साइट्सवर नेत होत्या. अशा वेळी डिसअव्हाव करून काहीही होणार नाही. पासवर्ड बदलणं, जुने प्लगइन काढणं, घुसवलेल्या फायली आणि अनोळखी ॲडमिन खाती शोधणं, शक्य असेल तर जुन्या स्वच्छ बॅकअपवर जाणं हे काम आधी.

मॅन्युअल ॲक्शन आलीच तर

'अननॅचरल लिंक्स टू युअर साइट' असा शेरा आला, तर मात्र हात बांधून बसण्यात अर्थ नाही. सर्च कन्सोलमधून पूर्ण यादी काढून ती एका शीटमध्ये भरा. प्रत्येक डोमेनसमोर लिहा: ही लिंक आपोआप आलेली, की आपण आणलेली? पानन् पान तपासायची गरज नाही, डोमेननुसार गट केले की हजारो ओळींची यादी दोन-तीनशेवर येते.

आणलेल्या लिंक आधी काढून घ्यायचा प्रयत्न करा. जिथे पैसे दिले होते तिथे मेल करा आणि लिंक काढा किंवा स्पॉन्सर्डची खूण लावा म्हणा. कुणाला कधी मेल केला, काय उत्तर आलं हे त्याच शीटमध्ये लिहीत जा. पुढे त्याचा पुरावा म्हणून उपयोग होतो. काढायचे पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, ती डोमेन डिसअव्हावमध्ये टाकता येतात.

डिसअव्हावची फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक पत्ता. पूर्ण साइट नाकारायची असेल तर इंग्रजीत 'डोमेन' लिहून, कोलन देऊन, जागा न सोडता त्या साइटचं नाव. हॅशचं चिन्ह टाकून सुरू केलेली ओळ गूगल वाचत नाही, तिथे स्वतःसाठी टिपण लिहिता येतं. फाइल २ एमबीपेक्षा आणि १ लाख ओळींपेक्षा मोठी नको. दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. नवी फाइल अपलोड केली की जुनी पुसली जाते, त्यामुळे आधीची यादी डाउनलोड करून तिच्यातच भर घालायची. आणि सर्च कन्सोलमध्ये साइट 'डोमेन प्रॉपर्टी' म्हणून जोडली असेल तर हे टूल चालत नाही. साइट पूर्ण पत्त्यासकट वेगळी जोडावी लागते. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, कारण गूगलने ती पानं पुन्हा वाचायला हवीत.

मॅन्युअल ॲक्शन नसताना डिसअव्हाव वापरायचं का? गूगलच्या सूचनेनुसार, मोठ्या संख्येने खोट्या लिंक असतील आणि त्यांच्यामुळे कारवाई झाली असेल किंवा होण्याची दाट शक्यता असेल, तरच. म्हणजे आधीच्या एजन्सीने दोन वर्षं लिंक विकत घेतल्या हे तुम्हाला नक्की माहीत असेल, तर करा. बाकीच्यांनी हात लावू नये.

सफाईनंतर सर्च कन्सोलमधूनच फेरविचाराची विनंती पाठवायची. ती प्रत्यक्ष माणसं वाचतात. त्यात नेमकं काय चुकलं, काय-काय काढलं, त्याचा परिणाम काय झाला आणि नोंदीची शीट, एवढं असू द्या. "आम्ही काहीच केलं नाही, हे स्पर्धकाचं कारस्थान आहे" असं लिहून, सोबत कुठलीही सफाई न दाखवता पाठवलेली विनंती सहसा परत येते. उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. मधे पुन्हा-पुन्हा अर्ज टाकून उपयोग नाही.

स्पर्धकाने मुद्दाम लिंक लावल्या तर?

याला निगेटिव्ह एसइओ म्हणतात. काही वेळा तर धमकीचा मेल येतो, पैसे द्या नाहीतर हजारो घाणेरड्या लिंक तुमच्या साइटला लावू. पैसे देऊ नका. एकदा दिले की पुढचा मेल नक्की येतो. अशा लिंक्सकडे दुर्लक्ष करायलाच गूगलची यंत्रणा बनलेली आहे आणि लावणाऱ्याला त्यासाठी खर्चही येतो. मेल जपून ठेवा आणि खंडणीची मागणी असेल तर सायबर पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिन्यातून एकदा मॅन्युअल ॲक्शनचं पान उघडून पाहिलं की पुरे.

जुनं डोमेन विकत घेणाऱ्यांनी मात्र आधीच सावध राहायला हवं. डोमेनसोबत त्याच्या जुन्या लिंक आणि जुनी मॅन्युअल ॲक्शनही तुमच्याकडे येऊ शकते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या डोमेनवर पूर्वी काय होतं ते पाहता येतं. मधली काही वर्षं तिथे सट्ट्याची साइट दिसली, तर नाव कितीही चांगलं असो, दुसरं बघा.

कारवाई मागे घेतल्यावर लोक एक तक्रार हमखास करतात की नंबर पूर्वीसारखा आला नाही. तो येणारही नसतो. विकत घेतलेल्या लिंकच्या आधारावर पाचव्या नंबरला असलेली साइट, त्या लिंक गेल्यावर कदाचित तिसाव्या नंबरची असते. गूगलने उठवली ती शिक्षा. त्या लिंकचं वजन परत मिळत नाही.